जावयाचे पाय धुण्याआधी

ग्वाल्हेरच्या पाग्यांकडे लग्न म्हटलं की बंदुकीचा बार उडायचाच. हे टेंभेकरांना साखरपुड्यातच सांगण्यात आलं होतं, आणि सांगणाऱ्या वरपित्याचा, भालचंद्ररावांचा, आवाज असा काही दरबारी होता की अनंतरावांच्या तोंडून ‘हो हो, अवश्य’ निघून गेलं. घरी आल्यावर सुमित्राबाईंनी विचारलं, अवश्य कशाला म्हणालात, नुसतं बरं म्हटलं असतं तरी चाललं असतं. अनंतराव म्हणाले, वरपक्ष आहे. विषय तिथे संपला. मुलीच्या बापाचे बरेच विषय या दोन शब्दांपाशी येऊन संपतात.

पागे तसे आपल्यातलेच, सोवळंओवळं पाळणारे. पण चार पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या की चंबळचं पाणी थोडंफार अंगी लागतंच. देवघरात शाळिग्राम, कपाटात परवान्याचं रिव्हॉल्व्हर, आणि दसऱ्याला दोघांनाही सारखंच गंधफूल. टेंभेकर नागपूरचे. अनंतराव तरुणपणीच भोपाळच्या सरकारी कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले, पिपलानीत क्वार्टर मिळालं, आणि सगळा संसार त्या क्वार्टरच्या दोन खोल्यांत आणि पुढच्या जास्वंदीच्या कुंपणात झाला. तांब्यात शिसं किती, पोलादात नको ते काय मिसळलंय, हे नजरेला न दिसणारं शोधून काढायचं, हा त्यांचा धंदा. स्वभावाने इतके मऊ की घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येत.

गजानन हा सुमित्राबाईंचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तो नागपूर सोडून बहिणीच्या मागे भोपाळला आला, महाराणा प्रताप नगरात एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात लागला आणि बाग सेवनियात खोली घेऊन एकटा राहू लागला. लग्न केलं नाही. संध्याकाळची थोडी घ्यायचा. त्याच्याबद्दल बोलताना घरातल्या सगळ्यांचा आवाज आपोआप एक पट्टी खाली उतरायचा, आजाऱ्याबद्दल बोलताना उतरतो तसा. भाचीला, कांचनला, सायकल त्याने शिकवली, नदीत पोहायला त्याने शिकवलं, आणि पहिला पांढरा केसही तिनेच त्याच्या डोक्यातून उपटला. मामा म्हणजे तिचा जीव. तरी लग्नाच्या आठवड्यात सुमित्राबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलंच होतं, की गजू, ग्वाल्हेरची माणसं आहेत, चार दिवस जरा सांभाळ. त्यावर तो म्हणाला होता, की ताई, ग्वाल्हेरची माणसं माझ्यापेक्षा जास्त पितात, तू त्यांना सांग.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन होतं. वरात कारखान्याच्या टाउनशिपमधल्या गेस्ट हाउसहून कम्युनिटी हॉलकडे निघाली. पुढे बँड, मग डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बायका, त्यांच्या मागून तारांनी बांधलेली जनरेटरची गाडी, आणि घोड्यावर उदयराव, चांगला बँकेतला शांत मुलगा, आपण इथे कसे आलो अशा चेहऱ्याने बसलेला. फटाके लागले होते. भालचंद्ररावांनी दोन बार आकाशात काढले. तिसऱ्याच्या वेळी ते अनंतरावांजवळ आले.

“व्याहीबुवा, हा तुमच्या हातून. मुलीच्या बापानं एक बार काढला की सोयरीक पक्की, असं आमच्यात म्हणतात.”

असं त्यांच्यात खरंच म्हणतात की त्यांनी तिथल्या तिथे म्हटलं, हे कुणालाच कळलं नाही. अनंतरावांनी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी घेतलं, तीर्थ घ्यावं तसं. मग लोक हसले म्हणून एका हातात धरलं. हॉलच्या पायरीवर ओवाळायचं तबक घेऊन उभ्या असलेल्या सुमित्राबाईंना हे सगळं समोर दिसत होतं. नको म्हणावं असं त्यांच्या मनात आलं, आणि वरपक्ष आहे हेही त्यामागोमाग आलं.

अनंतरावांनी हात वर केला, डोळे मिटले आणि चाप ओढताना मनगट खाली पडलं. काच फुटली. एक बाई किंचाळली, तिच्या डोक्यावरचं झुंबर पडलं, त्याच्या तारेने बाकीची झुंबरं ओढली गेली आणि सगळीकडे अंधार झाला. बँड तरीही थोडा वेळ वाजत राहिला.

जनरेटरवाल्याने दिवे लावले तेव्हा रिव्हॉल्व्हर गजाननच्या हातात होतं. अंधार झाला तेव्हा अनंतरावांचं बोट अजून चापावरच होतं. गजाननने त्यांचं मनगट पिरगाळून ते काढून घेतलं होतं, नळी जमिनीकडे धरली होती आणि लोकांना मागे सरायला सांगत होता. त्या सगळ्या गर्दीत शहाणपणाची पहिली गोष्ट त्यानेच केली. बघणाऱ्यांना मात्र एवढंच दिसलं, की गजाननच्या हातात रिव्हॉल्व्हर आहे.

झुंबरवालीला दंडावर लागलं होतं. कारखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिला घेऊन गेली. आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं, म्हणजे कार्यक्रम पुढे चालू झाला. मुहूर्त साधून घ्या, असं कुणीतरी म्हणालं. लग्नघरात असं म्हणणारं माणूस कायम हजर असतं.

अनंतराव दिसेनात म्हणून सुमित्राबाई शोधत हॉलच्या मागे गेल्या. आचाऱ्यांच्या चुलींपलीकडे नळ होता. तिथे अनंतराव दोन्ही हात पुढे धरून उभे होते, चिखलात पडून आलेलं पोर आईपुढे उभं राहतं तसे.

“सुमित्रा, हाताला लागलंय.”

त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले. “काही तर दिसत नाही.”

“दिसत नसतंच ते.”

एवढंच बोलणं झालं. त्यांनी धुवून दे म्हटलं नाही, यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. सुमित्राबाईंनी आचाऱ्याकडून मूठभर बेसन आणि दोन लिंबं घेतली. तीस वर्षं या हातांवरचं ग्रीस, अ‍ॅसिडचे डाग, होळीचा रंग त्यांनीच काढला होता. हात कसे घासायचे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा अनंतरावांनी स्वतःहून पुढे केली. ती त्यांनी दोनदा घासली. नखांखालून काडी फिरवली. घासता घासता त्यांच्या लक्षात आलं, की आपण हात स्वच्छ करत नाही आहोत. तरी त्यांनी पाणी ओतलं.

मग सीमांतपूजन झालं. अनंतरावांनी त्याच हातांनी जावयाचे पाय चांदीच्या ताम्हनात धुतले, सुमित्राबाईंनी वरून पाण्याची धार धरली. उदयराव पाय मागे घेत होते, संकोचाने. बायका म्हणत होत्या, किती विनयी मुलगा.

इस्पितळातून वर्दी गेली आणि पोलीस आले. ठाण्याचे मुख्य अधिकारी, ज्यांना भोपाळात सगळे टीआय म्हणतात, ते स्वतः आले होते. ठेंगणे, थकलेले, बोलायला सभ्य. त्यांच्याबरोबर फिरत्या प्रयोगशाळेचा एक माणूस होता. त्याने हातमोजे चढवून पेटी उघडली. सौम्य अ‍ॅसिडात बुडवलेले कापसाचे बोळे जवळ उभ्या असलेल्या पाच-सात जणांच्या हातांवर फिरवले; उजवा तळवा वेगळा, उजव्या हाताची पाठ वेगळी, तसंच डाव्याचं, आणि प्रत्येक बोळा वेगळ्या पाकिटात. अनंतरावांच्या हातापाशी तो थांबला आणि हात नाकाजवळ नेऊन म्हणाला, की हे तर धुतलेले आहेत.

सुमित्राबाईंनी उत्तर दिलं. हिंदीत, अगदी सहज आवाजात. म्हणाल्या, की आमच्यात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, त्याआधी हात धुवावेच लागतात. तो माणूस बरं म्हणाला आणि पुढे सरकला. परक्याच्या रीतीभातीवर कोण कशाला शंका घेईल?

भालचंद्ररावांनी सांगितलं, की आपण रिव्हॉल्व्हर क्षणभर खुर्चीवर ठेवलं होतं, ते मुलीच्या या मामांनी उचललं. परवाना त्यांचा, दुसऱ्याच्या हातात दिलं म्हटलं असतं तर परवान्याबरोबर बरंच काही गेलं असतं. ज्यांनी जवळून पाहिलं होतं ते त्यांच्याच वऱ्हाडातले, त्यांनी माना डोलावल्या. टीआयनी गजाननला विचारलं. तो म्हणाला, की मी चालवली नाही. मग कुणी चालवली? त्यावर त्याने अनंतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, की माझी बहीण समोरच उभी होती, तिला विचारा.

हे त्याने तिला अडकवायला म्हटलं नव्हतं. ते त्याने विश्वासाने म्हटलं होतं, आणि शिवाय मेव्हण्याचं नाव आपल्या तोंडून निघू नये म्हणून. सुमित्राबाईंना ते तेव्हाही कळत होतं.

“आपने देखा?” टीआयनी विचारलं.

“अंधेरा हो गया था.”

“ये पिये हुए हैं?”

“थोड़ी ली है.”

दोन्ही वाक्यं खरी होती. अंधार झाला होता आणि गजूने थोडी घेतली होती. गजानन तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी, आणि स्वतःच जीपकडे चालायला लागला.

सकाळी टाउनशिपचा भोंगा वाजायच्या आत सुमित्राबाईंनी चहा टाकला. पाहुण्यांनी क्वार्टर गच्च भरलं होतं, म्हणून दोघं मागच्या ओट्यावर बसले. अनंतरावांच्या चेहऱ्यावर रात्रभराने थोडा रंग आला होता. ते समजावून सांगू लागले. प्रयोगशाळेतलं काही सांगताना त्यांचा आवाज नेहमीच घट्ट व्हायचा. काडतुसाच्या बुडाच्या टोपीत शिसं, बेरियम आणि अँटिमनी असतं. बार उडाला की त्यांची वाफ होते आणि चालवणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर बसते, अंगठ्याजवळ. नुसतं शस्त्र धरणाऱ्याच्या तळव्याला लागतं. म्हणून तर बोळे वेगवेगळे घेतात. गजूच्या तळव्यावर सापडेल, पाठीवर नाही सापडणार.

“म्हणजे तो सुटेल.”

“सुटायला हवा. शास्त्र कुणावर अन्याय करत नाही.”

“अहो, पण तो तुमच्या बाजूलाच उभा होता ना.”

अनंतरावांनी चहाचा एक घोट घेतला. प्रामाणिक माणूस, रसायनात खोटं बोलणं त्यांना जमत नसे. म्हणाले, की हो, शेजारच्याच्या हातावरही थोडं पडतं. आणि बेरियम तर फटाक्यांतही असतं, फटाके सगळ्यांनीच उडवले. त्यामुळे रिपोर्टात बहुधा येईल, की निश्चित काही सांगता येत नाही.

“आणि तुमच्या हाताचं?”

“माझ्या हाताचं काही येणार नाही.”

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते सुख होतं. अगदी बारीक, त्यांच्या यंत्रालाच सापडेल एवढं, पण सुमित्राबाईंनी ओळखलं, कारण तेच त्यांना स्वतःच्या पोटातही लागत होतं. त्यांनी कप खाली ठेवला. या माणसाची त्यांना चीड आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली, आणि तीही दोघांची मिळून, संसारातल्या बाकी सगळ्या गोष्टींसारखी.

रिपोर्ट कधी येईल, असं त्यांनी विचारलं. पाच-सहा महिने लागतात, अनंतराव म्हणाले. तोवर भालचंद्रराव बघून घेणार होते. बड्या साहेबांच्या चार इमली वस्तीत राहणारा त्यांचा मावसभाऊ मोठ्या हुद्द्यावर होता, आणि तो फोन करील असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

हॉलवर लगबग सुरू झाली. मामा कुठे म्हणून सगळे विचारत होते. शेजारच्या क्वार्टरच्या शालिनीबाई, महाराष्ट्र मंडळातल्या, कुणाच्याही कार्यात पदर खोचून उभ्या राहणाऱ्या, त्यांनी रात्री पोलिसांची जीप पाहिली होती, पण गजानन त्यातून गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. सुमित्राबाईंनी सांगितलं, की त्याला उलट्या होतायत, खोलीवर पडलाय. शालिनीबाईंनी तेवढ्यात ओव्याचा अर्क पाठवायची तयारी दाखवली. चांगली माणसं खोटं बोलणाऱ्याला फार छळतात.

कांचन आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसली होती. पिवळी साडी, मुंडावळ्या, पुढ्यात तांदळाच्या राशीवर अन्नपूर्णा. मुलीने तिथे बसून देवीवर चार-चार दाणे वाहत राहायचं आणि मुहूर्ताला भटजींनी पुकारलं की मामाने येऊन तिचा हात धरून तिला बोहल्यावर न्यायचं, अशी रीत. सुमित्राबाई आत गेल्या तेव्हा तिने वर न बघता विचारलं, की मामाला खरंच काय झालंय.

उलट्या हा शब्द सुमित्राबाईंच्या ओठापर्यंत आला. पण मुलगी तांदूळ वाहत होती, त्या हातावर मेंदी होती, आणि त्या मेंदीचे कोन परवा मामाच चौकातून आणून देऊन गेला होता. त्या खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. बार कुणी काढला, नळावर काय झालं, टीआयना आपण काय बोललो. सांगताना त्यांनी एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. म्हणायचा मोह फार झाला.

कांचन रडली नाही. बराच वेळ तिने दाणे वाहिले.

“मग मला न्यायला कोण येणार?”

“अगं, दुसऱ्या कुणाला तरी मामा म्हणून उभं करू. करतात तसं.”

“तू हे मला सांगायला आलीस?”

सुमित्राबाई खाली सांडलेले दाणे वेचू लागल्या.

“मी बसलेय इथे,” कांचन म्हणाली. “मामा आला की उठीन.”

मुहूर्त दुपारचा होता. अनंतराव मांडवात पितांबर नेसून भटजींशी बोलत होते. सुमित्राबाईंनी त्यांना बाजूला बोलावलं आणि स्कूटर काढा म्हणाल्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. या दोघांचं हे असंच होतं. जी वाईट गोष्ट केली तीही न बोलता, आणि आता ही दुसरीही न बोलता. फाटकाशी भालचंद्रराव आडवे आले. त्यांनी दरबारी आवाजात सुरुवात केली, की व्याहीबुवा, आज लग्न आहे, उद्या बघू, माझा मावसभाऊ... सुमित्राबाई पदर सावरून मागे बसत म्हणाल्या, “तुम्ही पाहुण्यांचं बघा. आम्ही आमच्या माणसाचं बघून येतो.” वरपक्षाशी असं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. स्कूटर चौकातून वळली तेव्हा पितांबरातला बाप आणि शालू नेसलेली आई पाहून पानवाल्याने विडा लावायचा हात थांबवला.

ठाण्यात गजानन एका बाकावर बसला होता. त्याला अजून कोठडीत घातलं नव्हतं. दोघांना त्या वेशात पाहून त्याला आधी हसू आलं आणि मग तो भिंतीकडे बघायला लागला.

अनंतराव टीआयसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की गोळी मी चालवली. मग एकेक करून सगळं सांगितलं, नीट क्रमाने, कारखान्यात अहवाल देतात तसं. टीआयनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. आणि त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर अशी काही माया आली की सुमित्राबाईंना घाम फुटला.

ते म्हणाले, की बाबूजी, बसा. समजतंय मला. मुलीचं लग्न आहे, मेव्हणा ठाण्यात आहे, घरात रडारड चालली असेल. माझ्याही घरी बहीण आहे. पण तुमच्यासारखा देवमाणूस गोळी चालवील हे मी कसं मानू? रात्री तुमचा हात मी पाहिलाय. प्रयोगशाळेचा माणूसही म्हणाला, की त्यांच्या हातावर काही निघणार नाही.

“ऐसे जीजाजी भगवान सबको दें,” ते गजाननकडे वळून म्हणाले. “और आप हैं कि...”

गजाननने मान खाली घातली. काल जे त्याच्यावर आलं ते त्याने निमूट घेतलं होतं, आता हेही घेतलं. अनंतराव पुन्हा म्हणाले, की मी खरं सांगतोय. टीआय पुन्हा म्हणाले, की समजतंय मला. एक शिपाई त्यांच्यासाठी चहा घेऊन आला.

जखमी बाईचा विषय निघाला तो त्या चहाबरोबर. टीआय म्हणाले, की फूलबाईच्या दंडाचं हाड मोडलंय, गोळीचा तुकडा काढलाय, जिवाला धोका नाही. सुमित्राबाईंनी नाव तेव्हा प्रथम ऐकलं. कालपासून त्यांनी नवऱ्याचा विचार केला, भावाचा केला, मुलीचा केला, व्याह्यांच्या मानापानाचासुद्धा केला. जिच्या दंडात गोळीचा तुकडा शिरला तिला काही नाव असेल, हे मनात आलंच नव्हतं.

आता अनंतरावांच्या जवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचा खरेपणा कोरडा झाला होता, हातासारखाच. ते सुमित्राबाईंकडे बघत नव्हते. उलट, दुसरीकडे बघत होते, म्हणजे बोलू नकोस असंही नाही आणि बोल असंही नाही. हे आपल्यालाच उचलावं लागणार हे सुमित्राबाईंना कळलं. इथून चहा पिऊन निघालं असतं तर दोघं देवमाणसं म्हणून घरी गेली असती, आणि जन्मभर तसंच राहावं लागलं असतं.

“साहब, इनके हाथ मैंने धोये थे,” सुमित्राबाई म्हणाल्या. “बेसन और नींबू से. पैर धोने के लिए नहीं. बारूद छुड़ाने के लिए.”

टीआयनी कप ठेवला.

पुढचं त्यांना सांगत राहावं लागलं, कारण थांबलं की लाज जास्त वाटत होती. अंधार झाला होता हे खरं, पण अंधार बार उडाल्यानंतर झाला. आधी उजेड होता आणि त्या उजेडात आपण सगळं पाहिलं. भावाने थोडी घेतली होती हेही खरं, पण आपण ते विचारलं म्हणून सांगितलं नव्हतं. त्याचं नाव त्यात बसावं म्हणून सांगितलं होतं. आचारी कोण, बेसन कुणी दिलं, नळ कुठे, तेही सांगितलं. टीआयच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू निघून गेली आणि कामाचा माणूस परत आला. सुमित्राबाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं. माणसाने आपल्याकडे तसंच बघावं, असं त्यांना वाटत होतं.

टीआय शेवटी एवढंच म्हणाले, की हे तुम्ही रात्री सांगितलं असतं तर एकच गुन्हा होता, आता दोन झाले. मग घड्याळ पाहिलं, मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं, आणि सांगितलं, की लग्न लावून घ्या, शिपाई बरोबर येईल, संध्याकाळी तुम्ही दोघं आणि तुमचे व्याही, तिघांनी हजर व्हायचं. गजाननला म्हणाले, की जा.

रिक्षात सुमित्राबाई भावाशेजारी बसल्या. अनंतराव शिपायाला मागे घेऊन स्कूटरवर पुढे निघाले होते. पितांबर आणि खाकी. एरवी गजूने यावर काहीतरी बोलून सगळ्यांना लोळवलं असतं. आज तो रस्त्याकडे बघत होता. सुमित्राबाईंनी रात्रभर जुळवलेलं काहीतरी म्हणायला सुरुवात केली, की गजू, माझं चुकलं, मला तेव्हा...

“ताई, आत्ता नको,” तो म्हणाला. “आत्ता लग्न आहे.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं. आपण त्याला इतकी वर्षं आवाजाची जी खालची पट्टी लावली, त्याच पट्टीत तो आता आपल्याशी बोलतोय, हळू, सांभाळून, हे त्यांना ऐकू आलं.

हॉलवर पोचले तेव्हा भटजी पुकारत होते, की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. भालचंद्रराव शिपायाकडे आणि शिपाई जिलब्यांकडे बघत होता. संध्याकाळी तिघांना बोलावलंय हे कळल्यावर भालचंद्ररावांनी एकदम पाणी मागितलं. लग्न थांबवावं एवढा तोरा आता त्यांच्याजवळ शिल्लक नव्हता.

गजाननने नळावर तोंड धुतलं. कुणाची तरी इस्त्रीची टोपी डोक्याला लावली. दाराशी शालिनीबाई अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांनी त्याला अडवलंच. मामा, आता कसं वाटतंय, अर्क पाठवणार होते मी, पण तुमच्या खोलीचा पत्ताच कुणाला ठाऊक नाही. गजानन क्षणभर गोंधळला. मग बहिणीच्या कानाशी वाकून त्याने हळूच विचारलं, “ताई, मला काय झालंय?”

त्याला माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे तो तसं सांगणार होता. आतासुद्धा. त्याच्या शर्टाला ठाण्याच्या भिंतीचा चुना लागलेला होता.

“काही झालेलं नाही तुला,” सुमित्राबाई म्हणाल्या. “तू आत जा. कांचन बसलीय.”

तो गेला. आणि खरंच, आतून कांचन त्याचा हात धरून बाहेर आली, दोघंही खाली बघत, आणि लोक उभे राहिले. अंतरपाट धरला गेला, भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. शालिनीबाई अजून सुमित्राबाईंकडेच पाहत होत्या.

“काही झालं नव्हतं? मग काल रात्रीपासून होते कुठे?”

हॉलमध्ये सगळं मंडळ होतं, सगळं पिपलानी होतं. पुढच्या रांगेत अनंतरावांचे साहेब सपत्नीक बसले होते. संध्याकाळपर्यंत कुणाला काही कळायची गरज नव्हती, आणि संध्याकाळनंतर सांगायला पोलीस होतेच. सुमित्राबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दुसऱ्या मंगलाष्टकाच्या आत, शालिनीबाईंच्या कानाला लागून, सांगायला सुरुवात केली.

‘सावधान’ झालं, तशा सगळ्या हॉलने अक्षता टाकल्या. शालिनीबाईंची मूठ तशीच मिटलेली राहिली.